फटफटीवरचा मुराळी

माझ्या फटफटीचा आवाज सुरतेला ऐकू जायचा, असं मी आयुष्यभर सांगत आलो. सुरत जरा जास्त झाली. पण दोन कोस तो नक्की जायचा, आणि त्या दोन कोसांनीच माझा घात केला.

लढाई संपून वर्ष होत आलं होतं. मी लष्करात मोटारखात्यात होतो. ब्रह्मदेशात जपान्यांच्या गोळ्या कानाला चाटून गेल्याचं मी गावाला सांगितलं होतं. खरं म्हणजे मी देवळालीच्या पुढं कधी गेलोच नाही. माझ्या कानाला चाटून गेलं ते एका सुभेदाराचं पायताण. सुटून येताना लष्करी लिलावात एक फटफटी घेतली. हिरवी, जाडजूड, आणि शेजारी साइडकार जोडलेली. लोणखेड्याच्या आमच्या गल्लीत ती शिरली तेव्हा तीन म्हशींनी दावी तोडली. दोनच असतील. गावानं साइडकारला बघताक्षणी नाव ठेवलं, टोपलं.

चैत्र निम्मा सरला आणि घरात अखाजीची बोलणी सुरू झाली. आमच्या खानदेशात दिवाळी एकवेळ साधी जाईल, अखाजी जाणार नाही. अक्षय तृतीयेचा हा सण म्हणजे सासरी गेलेल्या पोरींचा. निंबाला झोके बांधायचे, पोरींनी माहेरी यायचं, उन्हं उतरली की झोक्यावर बसून सासूला मनसोक्त शिव्या द्यायच्या, आमरस खायचा आणि परत जायचं. पण पोर आपली आपण येत नाही. माहेराहून कुणीतरी तिला आणायला जावं लागतं. तो मुराळी. मुराळी आला नाही, तर पोर सासरीच राहते, आणि पाणवठ्यावर चार बाया विचारतात, काय गं, तुला कुणी नाही का?

माझी धाकटी बहीण अक्कलकुव्याजवळ एका गावात दिली होती. लग्नानंतरची पहिली अखाजी तिला मिळाली. पुढच्या दोन हुकल्या. एकदा सासऱ्याचं दुखणं निघालं, एकदा नणंदेचं बाळंतपण. त्या वर्षी सासूबाईंनी निरोप धाडला होता, पाठवतो, पण मुराळी अमावास्येच्या आत यायला हवा. त्यांचंही खोटं नव्हतं. अमावास्या झाली की त्यांच्या स्वतःच्या दोन्ही लेकी माहेरी येणार. लेकी आल्यावर सून बाहेर काढली, तर खापरावरच्या पोळ्या कोण करणार? उलट्या खापरावर तळहाताएवढी पुरणाची पोळी हातावर फिरवत सुपाएवढी करायची, हे काम आमच्या बहिणीसारखं त्या घरात कुणाला येत नव्हतं. हातातला गुण तिला नडत होता.

मुराळी म्हणून दरवर्षी गाडी-बैल घेऊन जायचं. यंदा मी म्हणालो, फटफटी नेतो.

आबा, म्हणजे माझे वडील, ओट्यावर दात कोरत होते. म्हणाले, "तू बहीनले लेवाले चालना का लढाईवर?"

आई म्हणाली, "पोरले त्या टोपलामा बसाडशी? कोंबडी शे का ती?"

"माय, साहेबन्या मडमा बठतीस त्यामा."

"मडमले सासू नही ऱ्हास," आई म्हणाली.

पण मी बोलण्यात कुणाला हार जाणारा नव्हतो. बैलगाडीनं दोन दिवस धक्के खात येण्यापेक्षा दोन तासांत पोर दारात उतरेल, हे आईच्या मनात मी चांगलं घोळवलं. आबांनी हात झटकला. म्हणजे हो.

आता यातली माझी मेख सांगतो. मुराळी कधी उभ्या उभ्या परत येत नाही. त्याला सासरची माणसं चार दिवस ठेवून घेतात, गोडधोड करतात, शेत दाखवतात. म्हणून तो आठवडाभर आधी निघाला तरी कुणाला नवल वाटत नाही. मी वद्य सप्तमीला निघालो. घरच्यांना वाटलं, पाहुणचाराला चालला. माझ्या डोक्यात वेगळंच होतं. मला समुद्र बघायचा होता.

अक्कलकुव्याचा रस्ता तसाच पुढं एका संस्थानच्या हद्दीत शिरतो, डोंगर ओलांडून गुजरातेत उतरतो आणि भडोचकडे जातो. म्हणजे बहीण वाटेवर, आणि समुद्र त्याच वाटेच्या टोकाला. दोन दिवस जायला, दोन यायला, येताना बहिणीला टोपल्यात घालायची, आणि अमावास्येला तरी चार दिवस शिल्लक. हा हिशेब मी लष्करात शिकलो होतो. लष्कराचेही हिशेब असेच असायचे.

टोपल्यात ताडपत्री भरली, दोन बांबू, खुंट्या, कंदील, भगुणं, तांदूळ-डाळ, आणि पेट्रोलचे दोन डबे. परवान्यावर मिळालेल्या पेट्रोलात मी रॉकेलही ओतलं होतं. त्यावर आईनं आणून ठेवला सांजोऱ्यांचा पितळी डबा, काठोकाठ भरलेला, आणि बहिणीसाठी हिरवं लुगडं.

"डबा विहीनबाईना हातमा दे," आई म्हणाली. "आनि अमावस्याना आत जाय, भाऊ. ती वाट दखी ऱ्हायनी व्हयी."

"माय, मी आठे शे तोवर तठे पोचना समज."

पहिला मुक्काम मी तळोद्याच्या अलीकडंच केला. घरापासून पंधरा मैल. पुढं जाता आलं असतं, पण मला ताडपत्री ठोकायची घाई झाली होती. आंब्याच्या एका राईत राहुटी उभी केली, चूल मांडली, आणि दिवस मावळायच्या आत निम्मं खेडं भोवती जमलं. विहिरीवरचे गडी, गुराखी, एक म्हातारा तर खाटेसकट आला. लोक समोर बसले की माझी जीभ आपोआप सुटते. मी सांगितलं की प्रकाशा गावाच्या पुढं एक वाघ फटफटीबरोबर अर्धा कोस पळाला, आणि दमून टोपल्यात चढायला बघत होता.

"मग?" म्हाताऱ्यानं विचारलं.

"मग काय. मी म्हणालो, बाबा, ही जागा माझ्या बहिणीची आहे."

हसून हसून लोक लोळले. इतकं ऐकून घेणाऱ्यांना कोरडं कसं पाठवायचं? मी डबा उघडला. प्रत्येकाला एक सांजोरी दिली. डब्याचा वरचा थर संपला. मनात म्हटलं, खाली अजून तीन थर आहेत.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला अक्कलकुवा मागं टाकलं. तिथून थोडं पुढं गाडीवाट फुटते. त्या वाटेनं पाऊण कोसावर बहिणीचं गाव. फाट्यावर मी थांबलो. हे मी कधीच कुणाला सांगितलं नव्हतं. थांबलो, गॉगल कपाळावर केला, आणि पाहिलं. गावाचा पिंपळ दिसत होता. पिंपळाखालची विहीर दिसत होती. विहिरीवर लाल-हिरवं काहीतरी हलत होतं, बाया पाणी शेंदत असतील. इंजिन चालूच होतं. सायलेन्सर लिलावातच फुटका मिळाला होता, त्यामुळे फटफटी नुसती उभी असली तरी जोंधळा मळल्यासारखा आवाज करायची.

मला तेव्हा काय वाटलं ते नीट आठवतं. वाटलं, आत्ता वळलो तर विहीणबाई चार दिवस सोडणार नाहीत. शिरा, कुरडया, शेत, गोठा. समुद्र गेला. आणि येताना याच वाटेनं यायचंच आहे. बहीण काही पळून जात नाही. हे शेवटचं वाक्य मी मनातल्या मनात हसत म्हटलं, आणि मूठ पिळली. फटफटी अशी काही गरजली की विहिरीवरचं ते लाल-हिरवं जागच्या जागी थांबलं. मी निघून गेलो.

संस्थानच्या नाक्यावर शिपायानं अडवलं. त्याला सांगितलं, लाटसाहेबाचं टपाल आहे. त्यानं विचारलं, टपाल कुठाय. मी ताडपत्रीकडं बोट केलं. एवढं मोठं टपाल त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. सलाम करून त्यानं बांबू वर उचलला. त्यालाही दोन सांजोऱ्या दिल्या, सरकारी कामात हात आखडता घेऊ नये म्हणून. त्या रात्री सागाच्या जंगलात मुक्काम, दुसऱ्या दिवशी एका ओढ्याच्या वाळूत. डोंगरातल्या लोकांना माझी भाषा कळत नव्हती आणि मला त्यांची. तरी वाघाची गोष्ट मी हातवाऱ्यांनी सांगितली, आणि तिथं वाघ दोन झाले. मुलाबाळांना सांजोऱ्या वाटल्या. भाषा येत नसली की खायला दिलेलं बरं असतं. उरलेल्या मी एकटा बसून खाल्ल्या. आईच्या हातच्या सांजोऱ्यांना वेलदोड्याचा वास असतो. त्या खाताना आईची आठवण येऊन माझे डोळे भरून आले होते. डबा सासूबाईंचा आहे, ही आठवण मात्र आली नाही.

आणि समुद्र. माझ्या समुद्राच्या लाटा सगळ्या तालुक्याला ठाऊक आहेत. ताडाएवढ्या उंच. त्यातल्या एकीनं माझी टोपी नेली आणि दुसरीनं आणून दिली. आता खरं लिहितो. मी समुद्र पाहिलाच नाही. अंकलेश्वर ओलांडून नर्मदेच्या काठाला लागलो. पलीकडचा काठ धुरकट, पाणी करड्या रंगाचं, लांब दोन होड्या. मला वाटलं, हाच. बूट काढून पाण्यात शिरलो, ओंजळ तोंडात घेतली. ना गोड, ना खारं. काठावर एक नावाडी जाळं सांधत बसला होता. त्याला विचारलं, दर्या एवढाच का हो? तो माझ्याकडं आणि गॉगलकडं बघून म्हणाला, "दरियो तो हजी आघो छे, भाई."

अजून लांब होता. पेट्रोल परतीपुरतंच उरलं होतं. तो दिवस मी त्या काठावर ताडपत्री ताणून लोळून काढला, त्याच पाण्याकडं समुद्र समजून बघत. दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, मागं वळलो. अजून वेळ होता. तिथून सरळ आलो असतो तर त्रयोदशीला फाट्यावर होतो.

डोंगर चढताना टोपल्याला फटफटीशी जोडणारी लोखंडी दांडी एका खडकावर बसून मोडली. टोपलं आडवं झालं, मी उभा राहिलो. जवळच्या गावात लोहार होता. पण अखाजीपासून आमच्याकडं शेतीचं वर्ष सुरू होतं. सालदार, म्हणजे वर्षभराचे गडी, बदलतात, औतं नवी होतात. त्याच्या भात्यापुढं फाळांचा ढीग पडला होता. तो म्हणाला, हे फाळ आधी. मग अमावास्या. अमावास्येला भात्याला हात लावत नाही. मग तुमचं टोपलं.

आता इथं ऐका. नुसती फटफटी धडधाकट होती. टोपलं लोहाराकडं टाकून मी दोन तासांत बहिणीच्या दारात जाऊ शकलो असतो. मुराळी आला, एवढं झालं असतं तर पुरलं असतं. तिच्या सासऱ्यांनी आपली गाडी जुंपून दिली असती. ही अक्कल मला नव्हती असं नाही. होती. पण टोपल्याशिवाय गावात शिरायचं म्हणजे माझा सगळा थाटच गेला. मडमेसारखी बहीण टोपल्यात बसलेली, गाव तोंडात बोटं घालतंय, हे चित्र मी महिनाभर मनात घोटलं होतं. ते सोडवेना. म्हणून मी तिथं चिंचेखाली ताडपत्री ठोकून चार दिवस राहिलो. खोटं कशाला बोलू, मजेत राहिलो. फाळ घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला समुद्र सांगितला. लाटा तिथंच उंच होत गेल्या. अमावास्या आली तेव्हा मी लोहाराच्या सोबत बसून करवंदं खात होतो.

द्वितीयेला, म्हणजे अखाजीच्या आदल्या दिवशी, दुपारी मी बहिणीच्या गावात शिरलो. थाट होता. पोरंबाळं मागं धावत होती. दारात दोन नणंदा उभ्या होत्या, नव्या लुगड्यांत, हातांवर मेंदी. अंगणातल्या निंबाला त्यांचा झोका बांधला होता. विहीणबाई बाहेर आल्या, पदर सारखा केला, आणि फटफटीकडं न बघता माझ्याकडं बघून म्हणाल्या, "या, मुराई. अखाजी कोनती, यंदानी का पुढली?"

नणंदा फसकन हसल्या.

"तुमनी गाडी पयास का रांगस?" थोरली म्हणाली.

मी म्हणालो, पळते, पण वाटेत मोडली. विहीणबाई म्हणाल्या, "वाटमा? लोणखेडापाईन आठे येवाले आठ दिन? आठ दिन पहिले या फाटावर फटफटी वाजनी. मन्ही सून घागर तशीच टाकी पयत उनी. भाऊ उना, भाऊ उना. ती कोनी व्हती मंग?"

ज्याला नाक्यावर लाटसाहेब सुचला, त्याला त्या अंगणात काही सुचेना. आतून बहीण आली. हात कोपरापर्यंत पिठानं माखलेले, तोंड खापराच्या धगीनं लाल. माझ्याकडं तिनं एकदाच पाहिलं.

"आत्याबाई," ती म्हणाली, "ती लष्करनी गाडी व्हती. भाऊनी आतेच उनी."

सासूबाईंनी सुनेकडं पाहिलं. सुनेनं भावाची लाज झाकली, हे त्यांना कळलं असणार. मी डबा पुढं केला. त्यात अंकलेश्वरच्या बाजारात घेतलेला खजूर होता. त्यांनी झाकण उघडलं, वास घेतला, खजुरावर सांजोरीचा चुरा चिकटलेला होता तो बोटानं पाहिला, आणि झाकण लावलं. लुगड्याला पेट्रोलचा वास मारत होता. ते बहिणीनं दांडीवर उन्हात टाकलं.

मला चुलीजवळच बसवलं. ती खापरावर पोळी टाकत होती. हातांवर ती पोळी चादरीसारखी पसरत जायची. मी बघत बसलो. बाहेर झोक्याच्या दोऱ्या करकरत होत्या.

"आठ दिन व्हयनात," ती हळूच म्हणाली. "मी आवाज ऐका. गठुडं बांधं. दोन दिन ते गठुडं ओसरीमाच व्हतं. मंग मीच आत ठेवं."

"ती दुसरी व्हयी," मी म्हणालो. "लष्करनी."

"व्हयी," ती म्हणाली. पोळी उलटली. मग म्हणाली, "भाऊ, घर जाईसन काय सांगशी?"

"बघतो."

"दखू नको. नीट ऐक. मीच नही उनी, घरमा काम व्हतं, आसं सांग. आत्याबाईवर काही टाकू नको. आबाले राग उना का मंग कधी मुराई येवाव नही. समजनं का?"

मी मान हलवली. तिनं पोळ्या फडक्यात बांधून आईसाठी दिल्या.

अखाजीच्या दिवशी सकाळी मी घरी पोचलो. निंबाला झोका बांधलेला, बहिणीच्या मैत्रिणी आलेल्या. आवाज ऐकून सगळ्या धावत आल्या. टोपल्यात ताडपत्री होती. आईनं ताडपत्रीखाली वाकून पाहिलं. खरंच पाहिलं, जणू पोर खाली लपली असावी.

"ती कोठे शे?" आबा म्हणाले.

बहिणीनं मला वाक्य पढवून ठेवलं होतं. छोटं होतं, सोपं होतं. पण ते म्हटलं असतं तर आई विचारणार होती, तू कधी पोचला होतास? आणि माझ्या तोंडून निघालं, "त्यास्नी नही धाडी."

एवढं बोलून गप्प बसलो असतो, तरी एक वेळ निभावलं असतं. पण मी गप्प बसणारा माणूस नव्हे. पानाच्या दुकानावर कुणी विचारलं की सांगायला लागलो, घोटभर पाणी विचारलं नाही हो. ज्येष्ठात कुत्रं अंगावर सोडल्याचं सांगितलं. पेरण्या आटोपल्या तोवर कुत्री दोन झाली होती. आणि पोळ्याच्या सुमाराला, चार माणसं बसली असताना, कुणीतरी म्हणालं की अहो एवढं तर चालायचंच, तेव्हा माझ्या गोष्टीची किंमत कमी होतेय असं वाटून मी म्हणालो, माझ्या देखत सासूनं तिच्यावर लाटणं उगारलं.

ती गोष्ट संध्याकाळच्या आत आईच्या कानावर गेली.

त्या दिवसापासून आई मला रोज काही ना काही विचारू लागली. दळताना विचारी, ती बारीक झाली होती का रे? भाकरी वाढताना विचारी, हातावर वळ होते का? मी म्हणे, नाही, चांगली होती. आईला वाटे, हा आपल्याला त्रास नको म्हणून लपवतोय. माझं खोटं तिला खरं वाटायचं आणि खरं खोटं. दिवाळीनंतर तिनं गोड खाणं सोडलं. आबा काही बोलत नसत. पण बाजारात बहिणीचा सासरा दिसला की तोंड फिरवत. त्या बिचाऱ्याला का ते कळत नव्हतं.

पुढची अखाजी बारा दिवसांवर आली. आबांनी भाऊबंद ओट्यावर बोलावले. पाच जणांनी जायचं ठरलं. मुराळी म्हणून नव्हे. पोर कायमची घेऊन यायची आणि फारकत मागायची. "मारखाऊ घरमा मन्ही पोर ऱ्हावाव नही," आबा म्हणाले, आणि सगळ्यांनी माना डोलावल्या. एकानं माझ्याकडं बोट करून म्हटलं, साक्षीला हा आहेच.

मी पाण्याचा तांब्या घेऊन उभा होतो. तांब्या खाली ठेवला. माणसं उठून गेल्यावर आबा आणि आई दोघंच उरली तेव्हा म्हणालो, "आबा, जाऊ नका. लाटणं खोटं आहे."

आबा माझ्याकडं वळले.

"लाटनं खोटं. आनि कुत्रं?"

"कुत्रंबी."

"पानी नही दिधं ते?"

"दिलं होतं. गूळ-पाणी दिलं. जेवण दिलं."

"धाडी नही, ते?"

"मीच वेळेवर गेलो नाही. मी समुद्र बघायला गेलो होतो."

"आनि समुद्र?"

"समुद्रबी खोटा, आबा."

"खड्डामा गया तुन्हा समुद्र," आबा म्हणाले. ओरडले नाहीत. आई उठून आत गेली. जात्याजवळ बसल्याचा आवाज आला, पण जातं फिरलं नाही.

मला वाटलं, आता मला गाडी जुंपायला सांगतील, जा, आण तिला. तसं झालं नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे आबांनी स्वतः बैल जुंपले. डोक्याला पागोटं बांधलं. बाप कधी मुराळी होऊन जात नाही. भाऊ जातो, पुतण्या जातो, कुणी नसलं तर शेजारचा पोरगा जातो. बाप लेकीच्या सासरी पायरी चढतो तो काही भलंबुरं झालं तरच. मी म्हणालो, आबा, मी जातो. ते म्हणाले, "तू हाक."

दोन दिवस मी गाडी हाकली. दोन दिवसांत ते माझ्याशी बैलांविषयीच बोलले.

अमावास्येला सहा दिवस होते. भर बारा वाजता आम्ही त्या अंगणात उतरलो. सासरा बाहेर आला, विहीणबाई आल्या, आमच्या आबांना बघून दोघांचीही तोंडं उतरली. कुणी मेलं की काय, असं त्यांना वाटलं असणार. बहीण दारात आली आणि चौकटीला धरून उभी राहिली.

खाट टाकली. आबा बसले नाहीत. पागोटं काढून हातात घेतलं आणि म्हणाले, "विहीनबाई, आमना घरमा एक खोटं पैदा व्हयनं. त्याले मीच वाढाडं. वरीसभर मी तुम्हले वाईट समजनू. तुमना मालकले बाजारमा तोंड फिरावं. आते तुम्हीन काय बोलनं ते मले बोला. त्याले बोलू नका. तो बोलाना लायकीना नही."

मी बैलांच्या माना खाजवत होतो. कुणाची मान खाजवतोय हेही कळत नव्हतं.

विहीणबाईंनी पदर खोचला. जिभेची तिखट बाई, मला वाटलं आता सुटेल. पण त्या एवढंच म्हणाल्या, "आम्ही वाट दखी व्हती." मग सुनेकडं वळून म्हणाल्या, "गठुडं बांध. अमावस्याना आत उनात."

मग मला जेवायला बसवलं. भावाला बहिणीच्या घरचं चालतं. बापाला चालत नाही. लेकीच्या घरचा दाणा नाही, पाण्याचा थेंब नाही. कन्या दिली ते घर तहानेलाही परकं. आबा बाहेर निंबाखाली, खाटेवर नव्हे, जमिनीवर बसले होते. वैशाखासारखं ऊन होतं आणि वारा अंगावर निखारे टाकत होता. सासऱ्यानं तीनदा तांब्या आणला. तिन्हीदा आबांनी हात जोडले. आमच्या गाडीतली घागर वाटेतच संपली होती. ती भरून घ्यायचं माझ्या लक्षात राहिलं नव्हतं. गावच्या विहिरीचं पाणीही लेकीच्या गावचंच. मी आत पाटावर बसून त्यांच्याकडं बघत होतो, आणि जेवत होतो. लिहायचंच आहे तर हेही लिहितो, ताकाची कढी मी दोनदा मागून घेतली.

बहीण तयार व्हायला तास गेला. निघताना तिनं सासूच्या पाया पडून काहीतरी हळू विचारलं. विहीणबाईंनी मान हलवली. ती मागच्या दारानं गेली आणि डोक्यावर पाण्याची कळशी घेऊन आली. म्हणाली, ही शेजारच्या गावच्या झऱ्याची, सकाळी गडी घेऊन आला. खरं की खोटं मला माहीत नाही. आमच्या घरात खोटं बोलायला मी एकटाच शिकलो होतो असंही नाही. आबांनी तरी हात लावला नाही. कळशी गाडीत ठेवली.

गाडी गावाबाहेर पडली, पिंपळ मागं गेला, आणि शिवेचा दगड आला. आबांचे ओठ पांढरे पडले होते. मी विचारलं नाही. बहिणीनं मागून हात लावून मला गाडी थांबवायला लावली. आबा खाली उतरले, शिवेच्या पलीकडं जाऊन उकिडवे बसले आणि ओंजळ पुढं केली. ती कळशी तिरपी करून ओतत राहिली. पाणी कोपरांवरून ओघळत होतं, पागोट्याच्या टोकावर पडत होतं, आणि ते पीत होते, श्वास घ्यायलाही न थांबता, पुन्हा पुन्हा ओंजळ पुढं करत. माझ्या हातात कासरा होता. त्यांच्या पाठीचे मणके सदऱ्यातून दिसत होते. एवढी बारीक पाठ कधी झाली, हे मला माहीत नव्हतं.

त्यांनी तोंड पुसलं, पागोटं बांधलं, गाडीत चढले. बहीण त्यांच्या शेजारी बसली, त्यांचा ओला हात आपल्या पदरानं पुसत. पुसून झाल्यावर ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "भाऊ, बैल हाक."

घरी पोचेपर्यंत ती माझ्याशी एवढंच बोलली. मी बैल हाकले.